पाखरं हाकलायचं यंत्र

इंदापुरात जुन्या सोलापूर रस्त्याला 'बादशाह डिझेल पंप व नोझल वर्क्स' अशी पाटी आहे. पाटीवर नाव बादशाहभाईंचं असलं तरी दुकानात शिरणारा माणूस हाक मारतो ती भाभींना. भाभी म्हणजे वहिदा शिकलगार. पन्नाशीला टेकलेल्या, अंगानं किरकोळ, पदराला कायम डिझेलचा वास, आणि बोलणं असं की समोरच्याला स्वतःच्या शहाणपणाची शंका यावी.

नोझल हा डिझेल इंजिनाचा बोटाएवढा भाग. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल व्हायची बाकी राहते, आणि त्या हवेत नोझलमधून डिझेलचा धुक्यासारखा फवारा आला की भडका उडतो. फवारा धुक्यासारखाच हवा. थेंब पडला की इंजिन काळा धूर ओकतं, डिझेल पितं आणि ऐन चढावर मान टाकतं. नोझल तपासायला हातानं चालवायचं एक यंत्र असतं. नोझल त्याला लावायचं आणि दांडा दाबायचा. चांगलं नोझल 'कर्र' असा आवाज करतं. बिघडलेलं नुसतं सुस्कारा सोडतं. या दोन आवाजांच्या मधे आणखी वीस-पंचवीस आवाज आहेत, आणि ते सगळे भाभींना ओळखू येतात.

त्या हे काम कुणाकडं शिकायला गेल्या नव्हत्या. बादशाहभाईंची उमर उघड्या सायलेन्सरच्या इंजिनांजवळ गेली आणि चाळिशीतच त्यांचे कान गेले. कान गेले हे सगळ्या तालुक्याला कळलं, फक्त त्यांना कळलं नाही. ते मान डोलवून बिघडलेली नोझलं पास करत राहिले. पणदऱ्याचा एक ट्रॅक्टर तिसऱ्यांदा परत आला त्या दुपारी वहिदा जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. डबा खाली ठेवता ठेवता त्या नवऱ्याला ओरडून म्हणाल्या, "अवो, ते रडतंय. पास करू नका."

बादशाहभाईंनी नोझल उघडलं तर आतल्या सुईला चरा पडला होता. त्या दिवसापासून वहिदा यंत्राशेजारच्या स्टुलावर बसायला लागल्या. बाई नोझल तपासते म्हणून पहिला महिना गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. दुसऱ्या महिन्यापासून भाभी दुकानात नसल्या तर तीच गिऱ्हाइकं नाक मुरडून परत जायला लागली. सुई घासायचं काम मात्र बादशाहभाईंकडंच राहिलं. त्यांच्या बोटांना केसाएवढा फरक कळतो. शिकलगारांचं हे पिढ्यांचं काम. खापरपणजे तलवारींना पाणी द्यायचे. तलवारी संपल्यावर घर विळे-कोयत्यांवर आलं, आणि बादशाहभाईंच्या वडलांनी ते नोझलवर आणलं. हत्याराशी असलेला घराण्याचा संबंध असा सुटला होता. तो परत जुळला तो अविराज देवकाते दुकानात आला तेव्हा.

जूनचे दिवस होते. अविराज पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बारामतीच्या एका कंपनीचं ओळखपत्र. ते त्यानं दुकानात शिरताना खिशात दडवलं. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, डब्यातून रुमाल, आणि रुमालातून एक नोझल.

"भाभी, हे जरा तपासून द्याल का?"

भाभींनी ते बोटांत फिरवलं. "कुठल्या इंजिनाचं हाय?"

"नवीन आहे. अजून बाजारात आलेलं नाही."

भाभींनी नोझल नाकाजवळ नेलं. "वास डिझेलचा न्हाय."

कुणी विचारलं तर काहीतरी उत्तर दे, एवढं अविराजला कंपनीतल्या साहेबांनी बजावलं होतं. काय उत्तर द्यायचं ते सांगायचं राहिलं होतं. त्यानं दाराबाहेर बघितलं. रस्त्यापलीकडच्या मक्यात एक म्हातारी पत्र्याचा डबा बडवत पोपट उठवत होती.

"पाखरं हाकलायचं यंत्र आहे," तो म्हणाला. "मोठा आवाज काढतं."

"पाखरांसाठी सुई एवढी घासलीया? आमच्या खापरपणज्यांनी तलवार एवढी घासली नसंल."

अविराजचे कान लाल झाले. "कुणी विचारलं तर भाभी, तुम्ही एवढंच सांगा. पाखरं हाकलायचं यंत्र."

"सांगते की," भाभी म्हणाल्या.

पोरगा खोटं बोलतोय हे त्यांना कळलं होतं. पण सांगते म्हटलं म्हणजे सांगायचं. त्यांनी नोझल यंत्राला लावून दांडा दाबला, डोळे मिटून ऐकलं आणि परत दाबला. "फवारा बारीक हाय, पर शेवटाला एक थेंब सोडतंय. सुई बसत न्हाय नीट. ठिवून जा."

चार दिवसांनी अविराज आला तो दोन नोझलं आणि सहा पानी कागद घेऊन. कागद इंग्रजीत होता. भाभींची लेक फरहीन बारामतीला शाळेत शिकवते. ती रविवारी घरी आली तेव्हा तिनं तो वाचला, मग पहिल्यापासून परत वाचला.

"अम्मी, यात असं लिहिलंय की तुला काहीही माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते तू कुणालाही सांगायचं नाही."

"मग त्याला काय हुतंय, करते सही," भाभी म्हणाल्या.

सहीनंतर पडताळणी आली. एक हवालदार वही घेऊन दुकानात आले. नाव, गाव, वय झालं. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाचा हत्यारांशी संबंध?"

"कुनाचा न्हवता ते इचारा. आमचं आडनावच शिकलगार हाय."

हवालदारांचं पेन थांबलं. त्यांच्या स्वतःच्या भावाचा ट्रॅक्टर दर हंगामाला याच दुकानात यायचा. 'संबंध आहे' असं लिहिलं तर भानगड, 'नाही' लिहिलं तर खोटं. त्यांनी चहा घेतला, विचार केला आणि लिहिलं, 'चौकशी सुरू'. ते वाक्य पुढं कित्येक महिने तसंच राहिलं.

दरम्यान काउंटरवरचं ते चकचकीत नोझल गिऱ्हाइकांना दिसायचं. जो विचारी त्याला भाभी सांगत, "पाखरं हाकलायचं यंत्र हाय. बारामतीत तयार हुतंय." तीनदा सांगून झाल्यावर त्या सवयीनं सांगायला लागल्या. हे ऐकणाऱ्यांत शेळगावचे दादासो खारतोडे होते. त्यांची द्राक्षबाग. घडात पाणी भरायला लागलं की साळुंक्यांचे थवे यायचे, आणि पोपट तर येताना जणू नातेवाईक घेऊनच यायचे.

"भाभी, खरंच पाखरं जात्यात का ओ त्यानं?"

"आवाज मोठा हाय म्हनत्यात."

"मग आमचं नाव पयलं लावा."

"माझ्याकडं कशाला? कंपनीकडं लावा."

"कंपनी कुठली?"

"ते मला म्हाईत न्हाय. तसं कागदावर लिवलंय."

दादासोंना ते भाभींचं थट्टेचं बोलणं वाटलं. त्यांनी घरी जाऊन मोबाइलवर एक ग्रुप काढला, 'पाखरं हाकला, बाग वाचवा', आणि त्यात शेळगावापासून पणदऱ्यापर्यंतचे बागायतदार घेतले. श्रावण संपेतो त्यात सत्तेचाळीस जण झाले होते.

यंत्र म्हणजे काय होतं, ते आता सांगायला हरकत नाही. ती बंदूक होती. साध्या बंदुकीत गोळीमागं दारू असते. हिच्यात दारूच्या जागी पातळ तेल भरायचं होतं. कंपनीचे प्रमुख दातारसाहेब. आयुष्य सरकारी नोकरीत काढलेला, पांढऱ्या दाट भुवयांचा माणूस. त्यांचा एकच हट्ट होता, बंदुकीत वीज नको. बॅटरी पावसात भिजते, थंडीत मरते, आणि नेमकी हवी तेव्हा उतरलेली असते. घोडा ओढला की स्प्रिंग सुटावी, आत तेलाचा फवारा उडावा, वरून ठोका बसावा आणि त्या ठोक्यानंच तेल पेटावं. कागदावर हे सगळं होत होतं. शेडमध्ये मात्र कधी बार व्हायचा, कधी उशिरा व्हायचा, आणि बहुतेकदा व्हायचाच नाही.

शेवटी अविराजनं धीर करून साहेबांना सांगितलं की इंदापुरातल्या त्या नोझलवाल्या बाईंना नुसतं ऐकून दोष कळतो. दातारसाहेब हसले, पण दुसरा उपाय त्यांच्याकडंही नव्हता.

पिंपळीच्या बाजूला कंपनीची चाचणीची शेड होती. भाभी तिथं गेल्या तर फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांचा मोबाइल घेतला, डब्यातली भाकरी उलटीपालटी करून पाहिली आणि सांगितलं, "तुमची पडताळणी झालेली न्हाय. तुमाला आत जाता येनार न्हाय."

"मग बोलावलं कशाला?"

याचं उत्तर शोधायला अर्धा तास गेला. अखेर असं ठरलं की बाईंनी शेडमध्ये यावं, पण वस्तू पाहू नये. मधे पत्रे उभे केले गेले. पत्र्याच्या अलीकडं भाभी स्टुलावर बसल्या. पलीकडं ताडपत्रीखालची वस्तू, अविराज आणि दातारसाहेब.

पलीकडून 'खट्' झालं. मग काही नाही.

परत 'खट्'. जरा थांबून 'ढप्प' असा बार झाला आणि पत्रा थरथरला.

तिसऱ्यांदा 'खट्', आणि त्यामागून नुसतं 'फुस्स'.

"आनखी येकदा वाजवा," भाभी म्हणाल्या. आणखी दोनदा ऐकून त्यांनी पत्र्यावर बोटानं टकटक केलं. "सायेब, तुमचं उलटं हुतंय."

"काय उलटं होतंय?" दातारसाहेबांचा आवाज आला.

"ठोका आदी पडतुय, तेल मागनं येतंय. वऱ्हाड जेवून गेल्यावर नवरा मांडवात आल्यासारखं. आन जवा येळेवर येतंय तवा टपकत येतंय. ओल्यावर ठोका मारून कसं पेटंल?"

"बाई, ही हजाराव्या सेकंदातली गोष्ट आहे. कानाला कळत नाही. त्यासाठी आम्ही परदेशी कॅमेरा घेतलाय."

"मग त्यानं काय सांगितलं?"

पत्र्यापलीकडून अविराज हळूच म्हणाला, "तो दुरुस्तीला गेलाय, भाभी."

स्प्रिंग, सुई आणि नोझल इंदापूरला आलं. पुढचे तीन आठवडे नवरा-बायकोनं दुकानाचं काम सांभाळून ते केलं. बादशाहभाई सुई घासायचे, भाभी दांडा दाबून ऐकायच्या आणि हातानं खूण करायच्या. अजून, अजून थोडं, बस. हे काय आहे ते भाभींनी बारावरून ओळखलं होतं, पण बादशाहभाईंना सांगितलं नव्हतं. ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पण एक दिवस सुई उजेडात धरून ते आपणहूनच म्हणाले, "वहिदा, हे पाखराचं न्हाय."

भाभींनी मान हलवली. न्हाय.

"मग मानसाचं हाय?"

यावर त्यांनी मान हलवली नाही. बादशाहभाईंनी सुई घासायला घेतली ती नेहमीइतकीच नीट घासली. वाकडं काम त्या हातांना जमतच नव्हतं. मात्र त्या दिवशी जेवताना वहिदांच्या मनात येत होतं की खापरपणज्यांनाही कधी असं वाटलं असेल का. का तलवारीला पाणी दिलं की आपलं काम संपलं, पुढं ती कुणाच्या मानेवर पडते ते पडो, असं ते म्हणत असतील? विचारायला कुणी उरलं नव्हतं.

तेल आधी, ठोका मागून, असं जमून आलं तेव्हा शेडमध्ये ओळीनं वीस बार केले आणि वीसही झाले. पत्र्यापलीकडून दातारसाहेब मोठ्यानं "एक्सलंट!" म्हणाले. ते अविराजला म्हणाले. त्यांनी वर पाठवलेल्या अहवालात लिहिलं की दोष 'ध्वनिविश्लेषणाच्या आधारे' निश्चित करण्यात आला. अविराजनं ते वाक्य भाभींना वाचून दाखवलं.

"म्हंजी कोन?" भाभींनी विचारलं.

"तुम्हीच."

"नाव लई लांबलचक दिलंय."

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दिल्लीहून तीन साहेब प्रात्यक्षिक बघायला आले. आयत्या वेळी काही अडलं तर असावं म्हणून अविराजनं भाभींना जादा नोझल घेऊन बोलावलं. फाटकावर पहारेकऱ्यानं यादी पाहिली. भाभींच्या नावापुढं अजून 'चौकशी सुरू' होतं, आणि त्या दिवशी पत्र्याची सोयही नव्हती. साहेब लोकांना पत्रा बरा दिसला नसता.

भाभी समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसल्या. टपरीवाली कौसल्या त्यांच्या माहेरच्या ओळखीची निघाली. दोघी बोलत असतानाच आतून पहिला बार झाला. भाभींनी कप खाली ठेवला. एकामागून एक दहा बार झाले. दहाही अगदी घट्ट, वेळेवर, मागं-पुढं न होणारे.

"काय चाललंय ओ आत?" कौसल्यानं विचारलं.

"पाखरं हाकलायचं यंत्र हाय," भाभी म्हणाल्या, आणि कप परत उचलला.

तासाभरानं गाड्या निघून गेल्या. अविराज बाहेर आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"भाभी, सगळे बार नीट झाले."

"ऐकलं की मी."

"पण आता त्यांना बॅटरीवरचं हवंय. यांत्रिक म्हणजे जुनं, म्हणाले. मार्चमध्येच नियम बदललाय."

"मार्चमदी? मग आठ म्हैनं तुमी काय करत हुता?"

"आम्हाला कळलंच नाही. पत्र आलं नाही आमच्याकडं."

"का?"

"ते गोपनीय होतं."

भाभी हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतलं जादा नोझल काढून बघितलं. बादशाहभाईंनी घासलेली सुई आत कशी अलगद बसली होती. आता ते नोझल कशातच बसणार नव्हतं. हळहळ वाटावी की सुटल्यासारखं वाटावं हे त्यांना ठरवता येईना. एसटीत खिडकीशी बसून इंदापूर येईपर्यंत दोन्ही आलटून पालटून वाटत राहिलं. घरी आल्यावर बादशाहभाईंनी भुवया उंचावून विचारलं. त्यांनी हातानं खूण केली, बंद झालं. बादशाहभाईंनी एक मोठा श्वास सोडला आणि रात्रीच्या जेवणाला मटण आणायला पिशवी उचलली.

दिवाळी झाली आणि दादासो खारतोडे सात बागायतदारांना जीपमध्ये घालून थेट कंपनीच्या फाटकावर गेले. पत्ता कुणी दिला हे कधी कळलं नाही. बहुधा त्या ग्रुपमध्येच कुणाचा तरी मेव्हणा पहारेकरी होता. दातारसाहेब तेव्हा शेड बंद करायच्या कागदांवर सह्या करत होते.

"सायेब, आमचं यंत्र कवा देताय?" दादासोंनी विचारलं.

"कसलं यंत्र?"

"पाखरं हाकलायचं. भाभींनी सांगितलं तुमी बनवताय म्हनून. सत्तेचाळीस जन हाय आमी. म्हैन्या-दोन म्हैन्यात घडात पानी भरंल, आता उशीर करू नका."

दातारसाहेबांनी अविराजला बोलावलं. अविराजनं खाली बघत सगळं सांगितलं. मका, म्हातारी, पत्र्याचा डबा. साहेब संतापले, मग संताप कशावर करावा हे त्यांना सापडेना. गुपित फुटलं असतं तर रागावता आलं असतं. इथं गुपित इतकं चोख पाळलं गेलं होतं की त्याच्या वरच्या खोट्यालाच सत्तेचाळीस गिऱ्हाइकं मिळाली होती. खऱ्या मालाला एकही नव्हतं.

त्यांनी सह्या करायचं थांबवलं.

महिनाभरात बंदुकीची नळी निघाली आणि तिथं रुंद तोंडाचा भोंगा आला. गोळी गेली, फक्त आवाज उरला. परवानग्या आल्या. आतला फवारा, सुई, स्प्रिंग, ठोका मात्र जसाच्या तसा राहिला. कंपनीनं त्याचं नाव 'कृषिगर्जना' ठेवलं आणि माहितीपत्रकात छापलं की 'शेतकऱ्यांच्या गरजा ओळखून खास विकसित'.

पहिलं यंत्र दादासोंच्या बागेत लागलं. या वेळी भाभींना आणि बादशाहभाईंना रीतसर बोलावणं होतं. यंत्र द्राक्षांच्या मांडवाच्या टोकाला तिवईवर ठेवलं होतं. भाभींनी ते पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं, दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं.

"येवढंच व्हय?" त्या म्हणाल्या.

दातारसाहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. अविराजनं घोडा ओढला.

बार झाला तसा अख्खा थवा आभाळात उठला. साळुंक्या, पोपट, चिमण्या, दादासोंच्या कोंबड्या, शेजारच्या वस्तीवरची कबुतरं, सगळं एकदम. गोठ्यात म्हशीनं दावं तोडलं. दादासोंची सून सुप्रिया हातातली बादली टाकून घरातल्या पाळण्याकडं पळाली. बागायतदारांनी टाळ्या वाजवल्या.

बादशाहभाई मात्र छातीवर हात ठेवून उभे होते. भाभी घाबरून त्यांच्याजवळ गेल्या. ते यंत्राकडं बघत होते. मग त्यांनी बायकोकडं बघितलं आणि लहान मुलासारखं म्हणाले, "वाजलं."

दहा-अकरा वर्षांत त्यांनी ऐकलेला यंत्राचा तो पहिला आवाज. खरं तर कानांनी नव्हे, छातीनं ऐकलेला. "आनखी येकदा वाजवा म्हनावं," ते म्हणाले. अविराजनं वाजवलं. भाभी नोझल तपासायचं निमित्त करून खाली वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

यंत्राचा उपयोग काय झाला, ते सुप्रिया नीट सांगू शकते, कारण दुसऱ्या दिवसापासून ते चालवायचं काम तिच्याकडं आलं. पहिला आठवडा पाखरं फिरकली नाहीत. दुसऱ्या आठवड्यात फिरकली, बार झाला की उडायची आणि मांडवाला एक घिरटी घालून परत बसायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं भाभींना दुकानात येऊन सांगितलं, "भाभी, त्यांनी आता 'खट्' वळखलंय. 'खट्' झालं की उडत्यात, बार झाला की बसत्यात. एक पोपट तर भोंग्यावर बसून माझ्याकडं बघत हुता."

"खट् आन बाराच्या मधी उडाया त्यांना येळ मिळतुय?" भाभींनी काळजीनं विचारलं. उशीर होत असेल तर तो आपला दोष, असं त्यांना वाटलं.

"तसं न्हाय ओ. यंत्राचं काय चुकत न्हाय. पाखरंच हुशार हायत."

सुप्रियानं मग सासूची जुनी पितळी परात काढली. ती परात बडवत मांडवाखालून पळायला लागली. परात कधी वाजेल आणि सुप्रिया कुठून निघेल याचा पाखरांना अंदाज येईना. बाग वाचली. दादासो मात्र बागेत येणाऱ्या प्रत्येकाला यंत्रच दाखवत राहिले.

यंत्रं तरीही पडून राहिली नाहीत. उन्हाळ्यात लग्नसराई आली. पिंपळीच्या एका लग्नात कुणीतरी नवरदेव दारात आल्यावर कृषिगर्जनेचा बार काढला. घोडा नवऱ्याला घेऊन उसात शिरला, वऱ्हाड अर्धा तास शोधत राहिलं, आणि त्या लग्नाचं नाव चार गावांत झालं. तिथून पुढं यंत्राशिवाय लग्न लागेना. मग यात्रा, सत्कार, बैलांच्या वाढदिवसांनाही लोक ते न्यायला लागले. बार चुकला तर यजमानाची अब्रू जाते, म्हणून भाभींना पाहुण्यांसारखं गाडी पाठवून आणायचे.

अशाच एका मांडवात दोन पोक्त माणसं त्यांच्याकडं बोट दाखवून बोलत होती. एक जण पुढं येऊन आदबीनं म्हणाला, "भाभी, तुमीच ना त्या? लष्करासाठी तोफ बनवली त्या?"

"न्हाय ओ," भाभी म्हणाल्या. "पाखरं हाकलायचं यंत्र हाय ते."

तो माणूस मंद हसला. "बरोबर हाय. तुमाला सांगता येत नसंल." आणि जाताना त्यानं वाढप्याला सांगितलं, भाभींच्या पानात जिलेबी वाढ.

भाभींनी दोनदा-तीनदा खरं पटवून द्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. हवालदार एकदा लग्नातच भेटले. पडताळणी पूर्ण झाल्याचं त्यांनी सांगितलं. आता कुठंही जायला हरकत नाही, म्हणाले. अविराज तोवर नोकरी सोडून पुण्याला गेला होता. तिथं तो बॅटरीवर चालणारी कसली तरी कुलपं बनवतो. फोन करतो तेव्हा आधी बादशाहभाईंची चौकशी करतो आणि मग हळूच विचारतो, "भाभी, अजून बार वेळेवर होतोय ना?"

कार्तिक उजाडला आणि उसाचा हंगाम सुरू झाला. ट्रॅक्टर पहाटेपासून दुकानासमोर रांग लावायला लागले, कारण कारखान्यावर गाडी थांबली की सगळ्यांचंच थांबतं. त्या गर्दीत एक दिवस कंपनीची जीप आली आणि तिच्यातून पाच नोझलं घेऊन स्वतः दातारसाहेब उतरले. एका मंत्र्यांच्या स्वागताला पाच बार एकदम काढायचे होते आणि पाचही यंत्रं रुसली होती.

"शिकलगारबाई, जरा तातडीचं आहे," ते म्हणाले.

भाभींनी नोझल तपासायच्या यंत्रावरून मान वर केली नाही. "बसा सायेब. तुमच्या आदी पनदऱ्याचे दोन हायत, शेळगावचा येक."

दातारसाहेबांनी इकडं तिकडं बघितलं. बसायला उलटं केलेलं ऑइलचं पिंप होतं. बादशाहभाईंनी ते फडक्यानं पुसून दिलं. साहेब बसले. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना निरखून विचारलं, "तुमचं काय बिघाडलंय?"

"नोझल," दातारसाहेब म्हणाले.

"टपकतंय?"

"नक्की सांगता येत नाही," साहेब म्हणाले, आणि चहाचा कप हातात घेऊन आपला नंबर यायची वाट बघत बसले.